बाप बोलू शकत नसताना झालेल्या समेटाला समेट म्हणायचं का? ('व्हेंटिलेटर'वरून)

तिसरी घंटा:
'खिडकीतली' यांनी काल राजेश मापुसकरांच्या 'व्हेंटिलेटर' या सिनेमाबद्दल (२०१६) लिहिलं: "बाप बेशुद्ध, मुलगा एकटाच विरघळतो. हा समेट नाही, सोयीचा पश्चात्ताप आहे. वर सगळं खानदान मशीन 'काढायचं की ठेवायचं' यावर भांडतं, जसं काही ते त्यांच्याच हातात आहे. नुसता रडवायचा धंदा." खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सिनेमातला बाप, म्हणजे गजाकाका, धडधाकट असते तर त्यांचा मुलगा प्रसन्न त्यांच्यासमोर दोन वाक्यं तरी बोलला असता का? त्या पिढीतल्या बापांनी मुलांना विचारलं ते मार्कांबद्दल आणि पैशांबद्दल. मुलांनीही उंबऱ्याबाहेरूनच उत्तरं दिली. बाप खाटेवर आडवा पडतो, रागावू शकत नाही, तेव्हा कुठे मुलाचं तोंड उघडतं. यात सोय आहे, मान्य. पण आपल्याकडे बहुतेक घरांत हे असंच घडतं आणि सिनेमाने ते तसंच दाखवलंय. शिवाय गजाकाकांचा पुतण्या राजा, त्याचं त्याच्या वडिलांशी जे अडलेलं आहे, ते तुम्ही मोजलंच नाही. तो बाप शुद्धीत आहे, बोलू शकतो. आतल्या बापलेकांकडे बघून बाहेरच्यांना जाग येते, अशी ती रचना आहे.

आणि 'रडवायचा धंदा' म्हणताना हेही बघा की ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन पुरस्कार मिळाले. दवाखान्याच्या बाकांवर एवढं गणगोत बसवून प्रत्येकाचा स्वभाव लक्षात राहील असं कापणं हे संकलकाचं अवघड काम आहे.

खिडकीतली:
पुरस्कारांनी माझा मुद्दा खोडला जात नाही. समेटाला दोन माणसं लागतात. एकाच्या तोंडात नळी असेल तर दुसऱ्याने केलेलं ते स्वगत. जिवंतपणी विचारपूस नाही आणि नंतर पिंडाला कावळा शिवेना म्हणून हात जोडून उभं राहायचं, ही आपली जुनी खोड. सिनेमाने तिला गोंजारलं, माझा राग त्यावर आहे. बापाने काय चुका केल्या, त्याने त्या कबूल केल्या असत्या का, हे प्रश्न नळी घालताच संपून जातात. लेखकाचं काम हलकं होतं.

रात्रपाळी:
'बेशुद्ध म्हणजे ऐकू येत नाही' हे गृहीत धरू नका. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बहुधा फेंटानिल, मिडाझोलाम अशी गुंगीची औषधं चालू असतात आणि गुंगीची खोली मोजायला रास नावाचं मोजमाप आहे. उणे दोनला पेशंट हाकेसरशी डोळे उघडतो आणि दहा सेकंदांच्या आत मिटतो. उणे तीनला हाक मारल्यावर हालचाल होते, पण नजर भिडत नाही. उणे चारला हाकेला काहीच नाही, हलवलं तर प्रतिसाद. शक्य असेल तिथे रोज सकाळी औषध थांबवून बघतात, कारण गुंगी लांबली की नळीही लांबते. पूर्ण जागा असला तरी तो बोलू शकत नाही, कारण नळी स्वरतंतूंच्या मधून जाते.

म्हणून बोलायचं असेल तर कानाजवळ जा, नाव घ्या, स्वतःचं नाव सांगा, एकच छोटं वाक्य बोला आणि थांबा. हात हातात घेऊन 'दाब' म्हणा. पायथ्याशी उभं राहून जमिनीच्या वाटणीबद्दल कुजबुजू नका. आणि मशीन वाजलं म्हणजे 'बाबांनी ओळखलं' असं समजू नका. बहुतेकदा खोकला आलेला असतो, नळीत कफ साठलेला असतो किंवा नळी दाताखाली आलेली असते. सक्शन केलं, म्हणजे कफ ओढून काढला, की थांबतं.

२०२० साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने हॉस्पिसमधल्या (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहातल्या) शेवटच्या काही तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचे मेंदूआलेख काढले. त्यांतल्या काहींचे मेंदू आवाजातल्या बदलाला प्रतिसाद देत होते.

खिडकीतली:
अभ्यास मोजक्याच रुग्णांवरचा आहे आणि स्वरांच्या क्रमाला मेंदूने दिलेला प्रतिसाद म्हणजे मुलाची माफी समजणं नव्हे. ऐकू जाणं आणि उमगणं यांत फरक आहे. कानाजवळ बोलण्याचं पटलं, तेवढं घेते.

नोटरी:
'काढायचं की ठेवायचं' हे घरच्यांच्या हातात नाही, या मुद्द्यावर खिडकीतली शंभर टक्के बरोबर आहेत. सिनेमा २०१६चा. तेव्हा देशात लागू होता अरुणा शानबाग प्रकरणातला मार्च २०११चा निकाल. त्यानुसार जीवरक्षक उपचार काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागायची: किमान दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ आणि त्यांनी नेमलेले तीन डॉक्टर, एक न्यूरॉलॉजिस्ट, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक फिजिशियन. काका-मामांनी बाकावर बसून ठरवायचा विषयच नव्हता.

आज चित्र वेगळं आहे. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लिव्हिंग विल (शेवटी कुठले उपचार नकोत हे माणसाने आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. दवाखान्याचं पहिलं मंडळ तीन जणांचं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमलाआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. विल नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग. हे माहीत नसताना 'काढा' म्हणणं हा अडाणीपणा आहे.

रात्रपाळी:
अडाणीपणा हा शब्द मागे घ्या. तुम्हाला निकाल पाठ आहे, वॉर्डातली दुपार माहीत नाही. २०१६ला उच्च न्यायालयात कोण जात होतं? लोक 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध' असं लिहून सही करायचे, हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबत रुग्णवाहिकेतून पेशंट घरी न्यायचे आणि नळी घरच्या कॉटवर निघायची. आजही लहान गावांत हेच चालतं, कारण दुसरं मंडळ भरवायला तेवढे तज्ज्ञच नाहीत. आणि घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा दवाखान्यातला फॉर्म ४ नव्हे, ४-अ लागतो. त्यावर कारण लिहून सही द्यायला आधी माहितीतला डॉक्टर नसेल तर स्मशानात अडकायला होतं.

यात सर्वांत वाईट काय होतं सांगते. घरी नेलेल्या माणसाला धाप लागते आणि जवळ औषध नसतं. दवाखान्यात नीट केलं तर आधी मॉर्फिन आणि घशातली घरघर कमी करायला ग्लायकोपायरोलेट देतात, अलार्म बंद करतात, ऑक्सिजन हळूहळू २१ टक्क्यांवर आणतात, मशीनचा दाब उतरवतात, मग नळी काढतात. नातेवाइकांना आधीच सांगतात की श्वास काही मिनिटं चालेल किंवा काही दिवससुद्धा. हे न सांगता नळी काढली की घरचे म्हणतात, 'बघा, जगत होते, आपण मारलं.'

नोटरी:
मी शब्द नातेवाइकांसाठी वापरला, परिचारिकांसाठी नाही. तरी मागे घेतो. पण सही करून घरी नेण्याला तुम्ही 'मार्ग' म्हणत असाल तर माझा विरोध कायम. त्याला कायद्याचं संरक्षण नाही, ना डॉक्टरला ना मुलाला.

रात्रपाळी:
मार्ग म्हटलं नाही. घडतं म्हटलं.

कोकणकडा:
तुम्ही सगळे गणपती विसरलात, आणि सिनेमा तर त्यावरच उभा आहे. चार दिवसांवर चतुर्थी आणि काका अत्यवस्थ, हा पेच शहरातल्यांना हास्यास्पद वाटतो. कोकणात एका मूळ घराचा गणपती अख्ख्या भावकीचा असतो. सपिंडांना (जवळच्या भावकीला) दहा दिवस सुतक, समानोदकांना (लांबच्या भावकीला) तीन. म्हणजे एक माणूस गेला की मुंबई, पुणे, सुरतेहून निघालेल्या सगळ्यांचं काम थांबतं. त्यामुळे 'थोडं लांबवा' असं म्हणणाऱ्याच्या मनात नेहमी दुष्टपणाच असतो असं नाही.

पण उपाय आहे आणि भटजी तो सांगतात. सुतक आलं तर त्या वर्षी पार्थिव (मातीच्या) गणपतीचं व्रत होत नाही, त्याचा दोष नाही, खंड मानायचं कारण नाही. मूर्ती आणून झाली असेल तर भावकीबाहेरच्या माणसाकडून पूजा आणि विसर्जन करवून घ्यायचं. काही जण माघी जयंतीला बसवतात, पण ते वेगळं व्रत, त्याने भाद्रपदाची भरपाई होत नाही. एवढी साधी गोष्ट घराघरात माहीत असती तर माणसाला सणासाठी मशीनवर ताटकळत ठेवलं नसतं.

नोटरी:
आणि कुठल्याही मंडळाला सणाची तारीख हा आधार चालत नाही. ना काढायला, ना ठेवायला. फक्त सुधारण्याची शक्यता बघतात.

तिसरी घंटा:
धागा सिनेमाचा होता. गजाकाका आणि प्रसन्न दोघेही मागे पडले.

खिडकीतली:
मागे पडले नाहीत. राजा आणि त्याच्या वडिलांचा मुद्दा मी सोडला होता, ती चूक माझी. तो धरला तर सिनेमा नुसता रडवत नाही, हे कबूल. पण नोटरींच्या कागदाने माझंच म्हणणं पक्कं केलं. लिव्हिंग विलमध्ये आपल्या वतीने संमती द्यायला जवळच्या माणसाचं नाव लिहावं लागतं. २०२३पासून एकाहून जास्त नावंही चालतात. ते नाव ठरवायला बापाला शुद्धीत असताना मुलाला समोर बसवून सांगावं लागेल की मला नळी नको, किंवा हवी, आणि तू उभा राहा. मला सिनेमात ते संभाषण हवं होतं. गजाकाकांनी नाव कोणाचं लिहिलं असतं?

तिसरी घंटा:
मला वाटतं, राजाचं. आणि प्रसन्नचा राग तिथूनच पुन्हा पेटला असता.

खिडकीतली:
पेटू दे. तेव्हा बाप उत्तर द्यायला असता.