बारा मोटेची विहीर गावाच्या हाती द्यावी का?

कृष्णाकाठ:
रविवारी पाहुण्यांना घेऊन साताऱ्याजवळच्या लिंबला गेलो होतो, बारा मोटेची विहीर दाखवायला. ११० फूट खोल विहीर, आणि तिच्या कठड्यावर उभं राहून पोरं रील काढत होती. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेलं हे काम, आतला महाल, कोरीव खांब. लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात, चहासुद्धा हायवेला गेल्यावर पितात. लिंबकरांच्या पदरात प्लास्टिक तेवढं पडतं. कासच्या फुलांच्या पठारावर आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, रोज तीन हजार पर्यटकांचीच मर्यादा पाळते. मग इथं का नको? वीस-वीस जणांनाच आत सोडा, माहिती सांगायला गावातलीच माणसं ठेवा, जेवण बचत गटाकडे द्या.

बांधावरचा:
विरोध आहे. गाव म्हणजे कोण, ते आधी सांगा. शुल्क आलं की पावतीपुस्तक दोन-चार घरांतच फिरतं, आमच्याकडच्या यात्रेत मी हे पाहिलंय. आणि कासचंच सांगायचं तर तिथं कुंपण घातलं, गुरांचा वावर थांबला, ओरड झाली, शेवटी ते काढावं लागलं. आपल्याच विहिरीवर जायला शेजारच्या वाडीतल्या पोरानं पैसे का मोजायचे?

मोटकऱ्याची नात:
स्थानिकांना शुल्क नकोच, हे मान्य. पण माहिती कोण सांगतं ते बघा. बाहेरून आलेले गाईड ‘शिवलिंगाचा आकार’ एवढं सांगून मोकळे होतात. माझे आजोबा आमच्या मळ्यात मोट, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, बैलांनी हाकायचे. बैल धावेवरून (विहिरीपासूनच्या उतारावरून) खाली उतरले की नाडा, म्हणजे जाड दोर, ताणून मोट वर येते, मग सोंदूर, म्हणजे बारीक दोर, ओढला की तिचं तोंड थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडात) मोकळं होतं. लिंबच्या विहिरीवर अशा बारा मोटा चालायच्या, म्हणजे किती बैल, किती माणसं! हे ज्यांनी केलंय त्यांच्या तोंडून ऐकलं, तर माणूस तासभर तिथून हलणार नाही. अशी माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून मला घाई आहे.

कराडकर:
एकच भर घालतो. दगड निखळला म्हणून गावानं सिमेंट थापू नये. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट घातलं की ओल कोंडते आणि दगड झिजतो. डागडुजी जाणकारांकडेच हवी.

बांधावरचा:
ताई, तुमच्या आजोबांसारखी माणसं बोलणार असतील तर मी स्वतः सतरंजी अंथरायला येईन. पण पैशाचा हिशेब दर ग्रामसभेत मोठ्यानं वाचला पाहिजे. आणि ज्याच्या शेतात गाड्या लागतात त्याचा वाटा पहिला. त्याचा ऊस तुडवला जातो, हे वर कुणीच लिहिलेलं नाही.