शब्दचर्चा : गाढव भुंकतं का?

रावपुरा, बडोदा :
माझी नात गुजराती माध्यमात तिसरीत आहे. परवा खिडकीतून बघत म्हणाली, "आजी, गाढव किती भुंकतंय!" मी म्हटलं, अगं, भुंकतो तो कुत्रा. तर तिने वहीच पुढे केली : कूतरो भसे, गधेडुं भूंके. बाईंनी लाल पेनाने बरोबरची खूण केलेली. आता मी काय बोलणार? आणि मराठीत गाढव नेमकं करतं तरी काय?

दांडिया बाजार, बडोदा :
काकू, वही बरोबर आहे. गुजरातीत भसणं कुत्र्याचं आणि भुंकणं गाढवाचं, ही वाटणी पक्की. गंमत म्हणजे दोन्ही क्रियापदांचे पूर्वज संस्कृत धातुपाठात (क्रियापदांच्या मूळ धातूंच्या जुन्या यादीत) शेजारी शेजारी बसलेत : 'बुक्क भषणे'. म्हणजे बुक्क या धातूचा अर्थ सांगायला भष वापरलाय, आणि दोन्ही कुत्र्याचेच. गुजरातीने कुत्र्यासाठी भषकडचं 'भसवुं' ठेवलं. बुक्कच्या गोतावळ्यातलं 'भूंकवुं' मोकळं राहिलं, ते गाढवाच्या वाट्याला आलं. मराठी आणि हिंदी मात्र भुंकण्यावरच थांबल्या, म्हणून आपल्याला ते गाढवाच्या तोंडी ऐकून हसू येतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. शाळेच्या यादीत घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, हत्ती चीत्कारतो, कोंबडा आरवतो; गाढव नुसतं 'ओरडतं'. अडला हरी त्याचेच पाय धरतो, गुळाची चव त्यालाच कळत नाही, इतकं त्याला म्हणींत राबवून घेतलं आणि स्वतःचं क्रियापद काही दिलं नाही.

इंदूर :
आमच्याकडे घरात बिनधास्त 'गाढव रेंकतंय' म्हणतात. हिंदीचं 'रेंकना', दुसरं काय. पुण्याची मावशी आली की लगेच टोकते, "रेकते ती म्हैस!" तिचंही खरं, मराठी कोशात रेकणं म्हशीचं आहे. आवाजाला मात्र इथे 'ढेंचू ढेंचू' म्हणतात. तुमच्या बडोद्यात?

दांडिया बाजार, बडोदा :
'होंची होंची'. नीट ऐकलंत तर दोन्हीत दोन तुकडे आहेत. गाढव श्वास आत घेतानाही आवाज काढतं आणि सोडतानाही, त्यामुळे एका अक्षरात ते मावतच नाही. कान दोघांचेही शाबूत आहेत, फक्त अक्षरं आपापल्या भाषेच्या पेटीतली. बेडकाचंही तेच : आपला डराव डराव, गुजराती ड्राउं ड्राउं, हिंदी टर्र टर्र. शेळीबाबत आपण आणि गुजराती 'बें बें'वर एक. इंदूरकरांची बकरी 'में में' करते, म्हणून तिकडे मिमियाना.

पण काकू, खरी फजिती गाढवाची नाही, उंटाची. गुजरातीत ऊंट 'गांगरे', म्हणजे ओरडतो. मराठी मुलाला वाटतं, उंट गांगरला, बिचारा घाबरला असेल! नातीला हे आधीच सांगून ठेवा. मोराच्या बाबतीत मी उघड गुजरातीच्या बाजूने आहे. आपला 'केकारव' निबंधाबाहेर कधी पडतच नाही. त्यांचा 'टहुको' रोजच्या बोलण्यात आहे, आणि तो कोकिळेलाही चालतो.

इंदूर :
टहुको! उचलला.

रावपुरा, बडोदा :
बरं झालं बाबा. घरी 'ओरडतं', वहीत 'भूंके', असं नातीला सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न : आपल्या विश्वामित्री नदीतली मगर काय करते?

दांडिया बाजार, बडोदा :
चिडली की फुसफुसते. मगरीसाठी म्हणून वेगळं क्रियापद माझ्या ऐकण्यात नाही. आणि पिल्लं तर अंड्यात असतानाच आवाज देतात, तो ऐकून मादी घरटं उकरते. त्या आवाजाला काय म्हणावं, ते नातीलाच ठरवू द्या.