एमबीबीएसचा पहिला आठवडा: खान्देशातल्या कॉलेजांचे अनुभव सांगा

नीटचे मार्क, कॅप राउंडची धाकधूक यावर भरपूर लिहिलं जातं. प्रवेश पक्का झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय घडतं, यावर मात्र फार कुणी बोलत नाही. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, त्यासोबत फाउंडेशन कोर्स, म्हणजे नेहमीचा अभ्यास सुरू होण्याआधीची ओळख-तयारी, आला. धुळे, जळगाव, नंदुरबारला शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनीही जरूर लिहा. यंदाच्या मुलांना उपयोग होईल. सुरुवात मी करते.

इंटर्न, धुळे
आमच्या बॅचमध्ये बरेच जण म्हणायचे, हा कोर्स म्हणजे नुसता टाइमपास, खरा अभ्यास नंतर सुरू होतो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आता तर मुळीच पटत नाही. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवणं, त्याच दिवसांत शिकले. मॅनिकिनशेजारी (सरावाच्या पुतळ्याशेजारी) गुडघ्यावर बसायचं, कोपरं ताठ, तळहातावर तळहात. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, मग २ श्वास. बघताना सोपं वाटतं. करायला घेतलं की दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ पडायला लागतात. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. आता कॅज्युअल्टीत ड्युटी असते तेव्हा हात आपोआप त्या जागी जातात. ते सत्र बुडवू नका, एवढंच कळकळीने सांगते.

दुसरं वर्ष, जळगाव
मी राजस्थानचा, ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांतून आलो. कोर्समध्ये मराठीचे तास होते. 'आपले नाव काय? काय त्रास होतो?' असं पाठ केलं आणि हॉस्पिटल दाखवायला नेलं तेव्हा मोठ्या उमेदीने एका आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, 'पोट दुखी ऱ्हायनं भाऊ,' आणि पुढे बरंच काही बोलत राहिल्या. पोट सोडून मला काही कळेना. रूममेट अमळनेरचा होता, त्याने रोज मेसमध्ये जेवताना अहिराणी, ही इथली बोली, बोलायला लावलं. आता मी विचारतो, 'कोनता गावना शे बाबा?' आणि पेशंट मोकळा होतो, घरचं-शेतातलं सगळं सांगतो. बाहेरून येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात एक खान्देशी मित्र जोडावा.

पहिलं वर्ष, नंदुरबार
माझं घर धडगाव तालुक्यात. आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्र दाखवायला नेलं होतं. बाकीच्यांना ते नवीन होतं. मी लहानपणापासून तिथेच सुई टोचून घेतलेली, पण आतली खोली कधी पाहिली नव्हती. सिस्टरांनी लसींचा फ्रीज उघडून दाखवला. आत २ ते ८ अंशच तापमान लागतं, वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद. मग एक बाटली हातात दिली. तिच्यावर एक गोल आणि गोलात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की लस वापरायची नाही. आमच्याकडे लाइट जाते, पाड्यापर्यंत रस्ता नसतो, आशाताई लसींचा डबा खांद्याला लावून डोंगर चढतात. तो चौकोन फिकट ठेवण्यासाठी किती जणांची धडपड असते, ते त्या दिवशी समजलं.
तिथेच सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला आलेली एक आई आमच्या पावरी या आदिवासी बोलीत बोलत होती. सरांनी मला पुढे बोलावलं. आई बोलत गेली, मी मराठीत सांगत गेले. वर्गात इंग्रजीला घाबरून मागच्या बाकावर बसणारी मी, त्या दिवसापासून पुढे बसते.

पालक, चोपडा तालुका
मुलीला सोडून येताना रॅगिंगचीच भीती होती. प्रवेशाच्या वेळी मुलीचं आणि आमचं, दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतात. ते नुसती सही करून देऊ नका, वाचा. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर मुलांच्या फोनमध्ये घालून द्या.

इंटर्न (कॉलेज सांगत नाही)
वरच्या काकांना दुजोरा. आमच्या इथे सीनियर रात्री 'इंट्रो'साठी खोलीवर बोलवायचे, उभं करून ठेवायचे. आम्ही चौघांनी मिळून लेखी तक्रार दिली, तेव्हा थांबलं. एकट्याने सहन करू नका.

शरीररचनाशास्त्र शिकवतो, धुळे जिल्हा
डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकतात त्या खोलीत, पाऊल टाकण्याआधी आम्ही मुलांकडून शपथ घेतो: हा देह आमचा पहिला गुरू, त्याचा मान राखू. पांढऱ्या एप्रनचा समारंभ आणि २०२२ पासून आलेली चरक शपथ (डॉक्टरकीची शपथ) यांचे फोटो घरोघरी जातात. या शपथेचा फोटो कुणी काढत नाही, काढूही देत नाही. राज्यात १९४९ च्या कायद्याने देहदान करता येतं. तरीही गावात विरोध होतो, दहावा-तेरावा कसा करायचा असं विचारतात, आणि तेवढं सोसून एखादं कुटुंब देह आणून सोपवतं. मुलांना मी हे सांगतो तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुजही थांबते.
देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात, काहींना चक्कर येते. त्यात कमीपणा नाही, बाहेर येऊन बसा आणि परत आत जा. मात्र उपाशीपोटी येऊ नका, नाश्ता करूनच या.

तिसरं वर्ष, जळगाव
नवीन मुलांसाठी: एप्रन दोन घ्या, सुती आणि पूर्ण बाह्यांचे. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात, त्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स आणि स्कॅन काढून ठेवा. स्कॉलरशिपच्या फॉर्मला लगेच लागतात.