मिक्स्ड मीडिया पोर्ट्रेट: थरांचा क्रम, चिकटवण, काच – सल्ला हवा

ओला_कुंचला:
१८ × २४ इंची व्यक्तिचित्र करायचंय. कोळशाचं रेखाटन, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे, अ‍ॅक्रिलिक, पदराच्या जागी खऱ्या इरकलीचा काठ आणि चेहऱ्यावर शेवटी थोडे तैलरंग. अ‍ॅक्रिलिक येतं, बाकी नवीन. पाया कॅनव्हास की एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पाटा)? फेविकॉल चालेल का? काच लावायची का? चित्र दिवाणखान्यात पश्चिमेच्या भिंतीवर लागेल, पुढेमागे एखाद्या समूह प्रदर्शनातही.

चौकटराव:
एमडीएफच घ्या. काठ चिकटवताना दाब द्यावा लागतो, ताणलेला कॅनव्हास तिथे आत जातो. जाडी ६ मिमी; ३ मिमीचा या मापाला हमखास वाकतो. पुण्यात बोहरी आळीत नाहीतर टिंबर मार्केटात मापात कापून मिळेल.

जेसोच्या (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराच्या) आधी अ‍ॅक्रिलिक मीडियमचे, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या अ‍ॅक्रिलिकचे, दोन हात द्या, कडांनाही. न दिल्यास लाकडातला पिवळसर अंश वर झिरपतो आणि कडा पाणी पिऊन फुगतात. मग जेसोचे तीन पातळ हात, एक आडवा एक उभा, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. शेवटचा हात घासू नका, कोळशाला खरखर लागते. मागच्या बाजूलाही दोन हात हवेतच. एकाच बाजूला थर बसले की ती बाजू सुकताना आकसते आणि पाट्याला बाक येतो.

रेखाटन आधी ट्रेसिंग पेपरवर करा, कोपऱ्यांत खुणा करा आणि तो कागद जपून ठेवा. कोलाजखाली, म्हणजे चिकटवलेल्या कागदांखाली, डोळ्यांची रेघ गेली की साम्य गेलं. तेव्हा तोच कागद खुणांवर ठेवून रेघा परत उतरवता येतात.

खडूशिसे:
कोळशाबद्दल. सैल भुकटी फुंकून काढा, मग सुमारे ३० सेंमीवरून फिक्सेटिव्हचे (कोळसा धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन-तीन हलके फवारे, मध्ये सुकू द्या. एकच जड फवारा मारला तर थेंब जमून डाग पडतात. एवढं करूनही ओला ब्रश थोडा कोळसा उचलतोच. म्हणून पहिला हात मॅट मीडियम आणि पाणी निम्मंनिम्म, मऊ चपट्या ब्रशने, न घासता. हे टाळलं की काळं यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्या रंगात) मिसळतं आणि गालावर हिरवट झाक येते. ‘माझा स्किन टोन आजारी का दिसतो’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

वर्तमानपत्राचा मूळ कागद नको. त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातल्या एका घटकामुळे) तो उजेडात तपकिरी होतो, वर वार्निश असलं तरी. चांगल्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा. इंकजेटची शाई ओली झाली की पसरते. तुकडा लावताना मीडियम दोन्हीकडे: पाट्यावर, कागदाच्या पाठीवर. कागद ओला झाला की वाढतो, म्हणून मिनिटभर ढिला पडू द्या आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. कोरडा कागद ओल्या पाट्यावर ठेवला की सुरकुत्या ठरलेल्या.

डोळे, नाकपुड्या, ओठ कोलाजमधून वगळा. अक्षरांच्या ओळी गालाच्या आणि कपाळाच्या उताराने फिरवा. मोठे मथळे चेहऱ्यात नकोतच, बघणारा ते वाचत बसतो.

पर्वती_पायथा:
फेविकॉल धरतो, नाही असं नाही. पण साधा फेविकॉल सुकल्यावरही पाण्याने मऊ पडतो, म्हणजे वरून पातळ रंगाचा हात दिलात की कागदाची कड उठते. कापडाला जाड मॅट जेल (घट्ट अ‍ॅक्रिलिक मीडियम) वापरा. खळ तर नकोच, कसर लागते. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत ते याचसाठी, पण तो विषारी.

इरकलीचा काठ लाल असेल तर आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर तो सुटायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर जेलच्या पाण्याने तो जेसोत उतरेल. कापडातली खळ धुऊन काढा, इस्त्री करा, पाठीला मीडियमचा पातळ हात देऊन सुकवा आणि मगच कापा, म्हणजे धागे सुटत नाहीत. चिकटवल्यावर वर बेकिंग पेपर आणि रात्रभर पुस्तकांचं वजन.

जाता जाता: हा प्रकार नवा नाही. राजा रविवर्म्यांच्या छापील चित्रांवर लोक जरी-टिकल्या लावून साड्या-दागिने सजवत, आणि तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीलाच होता.

चौकटराव:
तैलरंगांवरून माझं मत वेगळं आहे: वगळा. अ‍ॅक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर अ‍ॅक्रिलिक नाही, कारण खालचं तेल पुढे कित्येक महिने हलत राहतं आणि वरचा थर सुटतो. म्हणजे चेहऱ्यावर तेल लागलं की त्या भागातली दुरुस्ती तेलातच. शिवाय वार्निशला साधारण सहा महिने थांबायचं. मऊ कडांसाठीच तेल हवं असेल तर अ‍ॅक्रिलिकमध्ये रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घाला, बाटलीवरच्या प्रमाणात; जास्त झालं तर थर चिकट राहतो.

आणि स्प्रे वार्निश पावसाळ्यात नको. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते.

ओला_कुंचला:
बरं, तेल रद्द. काच?

पर्वती_पायथा:
नुसत्या अ‍ॅक्रिलिकला नको म्हटलं असतं. इथे कापड आहे, धूळ धरेल, तेव्हा काच लावा, पण चित्राला टेकू न देता. टेकली तर ओल धरून रंग काचेला चिकटतो. बॉक्स फ्रेम सांगा: ६ मिमी पाटा, काठाच्या वर किमान ८–१० मिमी मोकळं, म्हणजे चौकटीच्या आतली खाच २५ मिमी खोलीच्या आसपास. फ्रेमवाला ‘एवढं कशाला’ म्हणेल. काच आणि चित्र यांच्यामधली पट्टी लावलेली स्वतः बघून मगच बंद करू द्या.

पाटा सव्वा किलो, २ मिमी काच जवळपास दीड किलो, वर चौकट. चार किलोपर्यंत धरा. तेव्हा एका खिळ्यावर भिस्त नको. मागे वरून एक तृतीयांशावर दोन डी-रिंगा (टांगायच्या डी आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन स्क्रू, ६ मिमी बिट आणि प्लग.

पश्चिमेची भिंत बाहेरची असेल तर जागा बदला. पावसाचा मारा तिथेच, ओल आत येते आणि फ्रेमच्या पाठीला बुरशी धरते. आतली भिंत घ्या, खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा म्हणजे मागून हवा खेळेल. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५–१५० सेंमी. दिवा वरून, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) ९० च्या वरचा एलईडी. अगदी डोक्यावरून सोडला तर कागदाच्या कडांच्या सावल्या चेहऱ्यावर पडतात.

खडूशिसे:
प्रदर्शनासाठी बालगंधर्व किंवा घोले रोडच्या कलादालनाचा विचार असेल तर आधी रिकाम्या हाताने जाऊन टांगायची सोय बघून या. साखळीवर टांगायचं तर डी-रिंगांमध्ये तार ओवावी लागेल. मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: एमडीएफवर कोळसा, झेरॉक्स कागद, सुती-रेशमी काठ, अ‍ॅक्रिलिक, वार्निशचं नाव, तारीख. पुढे कोणी साफ करायला घेतलं तर त्याला नेमकं हेच लागतं.