अनुभव धागा : मासा सोडून बोला

चार गळवाले एकत्र बसले की तिसऱ्या वाक्याला दोन्ही हात बाजूला जातात आणि 'एवढा होता' सुरू होतं. प्रत्येक वेळी सांगताना हातांमधलं अंतर वाढतं, ते वेगळंच. म्हणून या धाग्याला एकच अट. माशाची लांबी, वजन, त्याने दिलेली झुंज, यातलं काहीही नको. क्लब म्हणून आपण काय करतो, कशावरून भांडतो, कोण कोणाला पाण्यातून ओढून काढतं, ते लिहा. क्लब तळ्यावरचा असो, नदीवरचा असो की खाडीतला.

सुरुवात मीच करतो, म्हणजे नंतर कोणाला लाज वाटायला नको.

पहिल्या वर्षी मी एक जुनी फायबरची होडी घेतली. ट्रेलरवर उभी असताना पावसाचं पाणी साचू नये म्हणून मागच्या खालच्या भोकाचं बूच काढून ठेवतात. ते कुठे ठेवायचं, याची प्रत्येकाची एक हुकमी जागा असते. माझी जागा म्हणजे पँटचा खिसा. त्या सकाळी उतारावर माझ्या मागे पाच गाड्या रांगेत होत्या. घाईघाईत होडी पाण्यात ढकलली, दोर धक्क्याला बांधला, गाडी लावून आलो, तर होडी मागून बसलेली. आधी वाटलं इंजिनाचं वजन असेल. मग पाहतो तर आतली इंधनाची टाकी तरंगत तरंगत नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, निघालेली. खिशात हात घातला आणि बूच लागलं.

आदल्याच सभेत ज्या गृहस्थांशी मी कडाक्याचा वाद घातला होता, ते बुटांसकट मांडीभर पाण्यात उतरले. माझ्या हातातून बूच घेतलं, पाण्याखाली चाचपून बसवलं आणि चकार शब्द न काढता माझ्या हातात बादली दिली. पुढचा तासभर आम्ही दोघं पाणी उपसत होतो. तो वाद नेमका कशावरून होता, ते आज दोघांनाही आठवत नाही.

आता आमच्याकडे पद्धतच आहे. उताराच्या आधी सपाट जागेवर थांबायचं, पट्टे सोडायचे, सामान चढवायचं, बूच लावायचं आणि मोठ्याने 'बूच!' असं ओरडायचं. रांगेतला मागचा माणूस 'बूच!' म्हणून ओ देतो. नवीन आलेल्यांना वाटतं हा काहीतरी मंत्र आहे.

गाठवाली

बूच! (आमच्याकडेही होतं हे.)

मी क्लबात आले ती नवऱ्याला सोबत म्हणून. आता तो घरी असतो आणि मी पाण्यावर. पहिल्या हंगामात माझा मासा दर वेळी सुटायचा. हे माशाबद्दल नाही, गाठीबद्दल आहे, धागाकर्त्यांनी नोंद घ्यावी. मला वाटायचं तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) स्वस्तातला, म्हणून तुटतो. एका आजोबांनी ते रिकामं टोक डोळ्यांजवळ धरून पाहिलं. टोक कुरळं झालं होतं, जावळातल्या केसासारखं. म्हणाले, "पोरी, हे तुटलेलं नाही, घसरलंय. तुटलं असतं तर टोक सरळ राहिलं असतं."

मग खुर्चीच्या पायाला गळ समजून जाड दोरावर शिकवणी झाली. टोक गळाच्या डोळ्यातून ओवायचं, मूळ दोराभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या फटीतून काढायचं आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढायचं. आणि ओढण्याआधी गाठ जिभेवर ओली करायची. कोरडं नायलॉन स्वतःवरच घासलं की तापतं, आणि जिथे तापतं तिथेच पुढे दगा देतं. विणलेल्या दोराला मात्र ही गाठ धरवत नाही, तो गुळगुळीत असतो. त्याला पालोमर नावाची दुसरी गाठ बरी.

आजोबांचे हात आता थरथरतात, म्हणून गाठींचा वर्ग मी घेते. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे डोळे बांधायचे. पहाटेच्या काळोखात गाठ पुन्हा मारायची वेळ येतेच, आणि तेव्हा टॉर्च दुसऱ्याच कोणाच्या तरी बॅगेत असतो.

मोजपट्टी

अट मान्य, पण स्पर्धेबद्दल लिहायचं तर लांबी येणारच. आकडा सांगत नाही, मग तर चालेल?

पूर्वी आमच्याकडे वजनावर बक्षीस असायचं. मासे दिवसभर जाळीच्या पिशवीत पाण्यात ठेवायचे आणि संध्याकाळी काट्यावर चढवायचे. एका वर्षी उन्हाळ्यात स्पर्धा झाली आणि संध्याकाळी सोडलेल्यांपैकी निम्मे मासे पोट वर करून काठाला लागले. सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळेच बोलले, आणि एकदम.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोडं पाणी १० अंशाला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम धरतं, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. त्यात झटापट करून दमलेला मासा पिशवीत कोंबला की संपलंच. आता ओल्या मोजपट्टीवर मासा ठेवून फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा. हातही ओले हवेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. उन्हाळ्यातली स्पर्धा पहाटे सुरू होऊन ऊन चढायच्या आत संपते.

यावरून तिघं क्लब सोडून गेले. त्यांचं म्हणणं, काट्यावर मासा चढताना जी गर्दी जमायची ती मोबाईलवरच्या फोटोला जमत नाही. खोटं नाही ते. बक्षीस समारंभ आता फारच मिळमिळीत होतो. दोघं परत आले आहेत, तिसऱ्यांची वाट पाहतोय.

वल्हेकरी

मी गळ टाकतच नाही. क्लबाच्या नावात 'नौकाविहार' आहे म्हणून आलो आणि सहा महिने सगळे मला आमिष कसं लावायचं ते शिकवत राहिले.

माझा धडा वाऱ्याचा. एका सकाळी पाणी आरशासारखं, अंगावर झुळूक, वल्ही मारली की होडी आपसूक पळतेय. मला वाटलं माझा हात बसला. तासाभरात पार पलीकडच्या टोकाला पोचलो. वळल्यावर कळलं की हात बसला नव्हता, पाठीमागून वारा होता. दुपारपर्यंत तो वाढला. दहा वेळा वल्हवावं आणि श्वास घ्यायला थांबावं, तर आठ वल्ह्यांचं अंतर वाया. तीन तास लागले. तळहाताची सालटी निघाली.

धक्क्यावर आमच्या सुरक्षा प्रमुख बाई वही घेऊन उभ्या होत्या. पाण्यावर जाणाऱ्याने त्या वहीत नाव, कुठे जाणार आणि कधी परतणार ते लिहायचं असतं. माझी वेळ उलटून वीस मिनिटं झाली होती आणि इंजिनवाली होडी मला आणायला निघायच्या बेतात होती. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जाताना वारा तोंडावर घ्या. दमाल तेव्हा तोच घरी आणेल."

होडी उलटवून पाहायचा सराव त्याच घेतात. पूर्ण कपड्यांनिशी, लाइफ जॅकेट घालून. पहिला नियम, होडी सोडायची नाही. काठ वाटतो तितका जवळ कधीच नसतो, आणि तरंगणारी होडी लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. दुसरी गोष्ट १-१०-१. फार थंड पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात तेवढ्यात जे करायचं ते करायला, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. मला वाटायचं थंडीने माणूस हळूहळू जातो. बरेच जण पहिल्याच मिनिटात धाप लागून पाणी पितात म्हणे. तेव्हापासून जॅकेट सीटखाली ठेवत नाही, अंगात असतं.

अळीमिळी

आमच्या क्लबात मासे लागायच्या हुकमी जागेबद्दल अळीमिळी गुपचिळी. एकाने आपली 'गुप्त जागा' चार वर्षं लपवली. मग ग्रुपवर फोटो टाकला, मागे वाकडं झाड. पुढच्या रविवारी त्या झाडाखाली अकरा जण. तो बारावा आला.

कानाने पाहणारा

मला दिसत नाही. मजकूर बोलून लिहितोय, चुका पोटात घाला.

गळ हा माझ्यासारख्याला जमणारा खेळ आहे, हे मला क्लबाने नाही, दोराने शिकवलं. नायलॉन ताणतं, त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते येईपर्यंत पुसट होतं. विणलेला दोर जवळजवळ ताणतच नाही. रिळाच्या पुढे तो तर्जनीवर घेतला की तळ वाचता येतो. दोराला लावलेलं शिशाचं वजन खडकावरून गेलं तर टकटक, वाळूवरून गेलं तर खरखर, गवतात शिरलं की सगळं मऊ आणि जड. आणि मासा आमिषाला नुसता नाक लावतो तेव्हा जे होतं ते कोणी दारावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. डोळस मंडळी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटकडे बघत बसतात. तो बुडेपर्यंत मी दोनदा हो-नाही ठरवून झालेलं असतं.

होडीत माझा जोडीदार घड्याळ बोलतो. नाळ म्हणजे बारा. "दोन वाजता, वीस मीटर, बुडालेलं झाड." मी तिथे टाकतो. तो म्हणतो, "अडीच वाजता पडलं."

एक तक्रार आहे, तीही लिहितो. सुरुवातीला काठीला झटका बसला की आजूबाजूचे दोघं-तिघं धावायचे आणि 'मदत' म्हणून काठी हातातून घ्यायचे. भावना चांगली, पण म्हणजे पाच तास मी बसायचं आणि पाच मिनिटं त्यांनी! शेवटी एकाच्या हातातून ओढून परत घेतली. तेव्हापासून विचारतात. विचारल्यावर मी बहुधा जाळं धरायला सांगतो, ते खरंच एकट्याला जमत नाही.

काठावरची आई

मुलांच्या दिवशी तीस मुलं आणि तीस गळ. कल्पना करा. आदल्या संध्याकाळी आम्ही पाच जणींनी पकडीने प्रत्येक गळाच्या टोकाचा उलटा दात दाबून सपाट केला. काही जुन्या सभासदांनी नाकं मुरडली, म्हणे मासे सुटतील. सुटले तर सुटले.

दुसऱ्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलीने मागे न बघता काठी फिरवली आणि गळ थेट वडिलांच्या कानाच्या पाळीत. सगळीकडे शांतता. दात सपाट होता म्हणून गळ आला तसा अलगद मागे निघाला. रक्ताचा एक थेंब, त्यावर पट्टी. मुलगी गंभीर चेहऱ्याने हात ओले करून उभी. तिला सकाळीच शिकवलं होतं ना. मला हळूच विचारते, "आता बाबांना पाण्यात सोडायचं का?"

धागाकर्ता

वरच्या दोन प्रतिसादांत माशाची लांबी होती, ते काढायला लावले आहेत. एकात म्हटलं होतं 'आकडा सांगत नाही, पण दार लहान पडलं'. तेही चालणार नाही.

साफसफाई समिती

पाणी उतरलं की वर्षातून एकदा काठ साफ करतो. बाटल्या, चपला वगैरे सगळीकडेच असतं. आमचा खरा ऐवज म्हणजे तंगूस. लव्हाळ्यात अडकलेलं एक टोक सापडतं, ते कोपर आणि तळव्याभोवती गुंडाळत निघायचं, आणि गुंडाळणारा चालता चालता दिसेनासा होतो.

एका वर्षी एक पाणकावळा पायात तंगूस गुरफटून फांदीला लटकत होता. टॉवेलने डोकं झाकलं तसा तो गप्प झाला. कापायला गेलो तर तंगूस कातडीत रुतलेला. कापता कापता मी तो रंग ओळखला. हिरवट, आमच्यापैकी मोजकेच वापरतात तो. मी स्वतः वापरतो.

त्यानंतर धक्क्यावर तुकडे टाकायला नळीचा डबा लावला आणि शिशाचा विषय निघाला. पाणपक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात पडलेलं शिसंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. राजहंस मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये शिशाच्या लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आणली. आमच्यातले एक काका स्वतः शिसं वितळवून साच्यात ओततात, त्यांना हे पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन सभा वाया गेल्यावर कोणीतरी त्यांनाच विचारलं, की कथिल ओतता येईल का? आता क्लबाला कथिलाची वजनं तेच पुरवतात आणि शिसं वापरणाऱ्याला सगळ्यांत जास्त तेच बोलतात.

रात्रपाळी

छोटंसं. रात्री इंजिनवाल्या होडीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती होडी थेट तुमच्यावर येतेय. उजव्या हाताला आडवी जाणारी होडी असेल तर तिचा लाल दिसतो, म्हणजे वाट तुम्ही द्यायची. हे मला तेव्हा कळलं जेव्हा दोन्ही रंग एकदम दिसले आणि मी म्हणालो, "किती छान!" माझ्या बहिणीने सुकाणू हिसकावलं. ती अजून मला होडी चालवू देत नाही.

खजिनदार

मी या क्लबाचा तीन वर्षं खजिनदार आहे. गळ टाकतो, गाठ बरोबर मारतो (वरच्या ताईंच्याच वर्गात शिकलो), वारा तोंडावर घेऊन निघतो. तीन वर्षांत एकही मासा लागलेला नाही. पहिल्या वर्षी लोकांनी जागा सुचवल्या, दुसऱ्या वर्षी आमिषं, आता माझ्या शेजारी बसायला चढाओढ असते. इथे मासे नाहीत म्हटल्यावर गर्दी कमी, आणि बोलायला निवांत.

मागच्या आठवड्यात माझा फ्लोट बुडाला. काठावरचे सगळे उभे राहिले. मी ओढलं, जड लागलं, हळूहळू वर आणलं. पाण्याखालून काळं, गोल काहीतरी आलं. बूच होतं, दोरीसकट. धागाकर्त्यांना विचारायचं होतं, तुमचंच का?