राउटरवर वेळ लावूनही मुलाच्या फोनवर रात्री इंटरनेट कसे सुरू राहते?

प्रश्न
माझा मुलगा सहावीत आहे. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येत असल्यामुळे त्याला माझा जुना अँड्रॉइड फोन द्यावाच लागला. त्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे वायफाय तोडले की इंटरनेट बंद, असा माझा हिशेब होता. राउटरवर त्या फोनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) नोंदवून मी रात्री साडेनऊ ते सकाळी सहा अशी बंदी लावली. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठले, तर पांघरुणाखालून उजेड येत होता आणि यूट्यूब सुरू होते. राउटरवरची बंदी मात्र जशीच्या तशी दिसते. यजमानांची रात्रपाळी घरूनच चालत असल्यामुळे संपूर्ण वायफाय बंद ठेवणे शक्य नाही. यावर काय करावे?

उत्तर १
आपले काही चुकलेले नाही. चिरंजीवांनी मात्र अभ्यास चांगला केलेला दिसतो. अँड्रॉइड १० पासून फोन सहसा आपला मूळ मॅक पत्ता न दाखवता त्या नेटवर्कपुरता तयार केलेला वेगळा पत्ता दाखवतो, आणि यांपैकी कोणता वापरायचा हे वायफायच्या तपशिलातील ‘प्रायव्हसी’ या पर्यायात कोणालाही बदलता येते. तो बदलला की राउटरच्या लेखी हे नवेच उपकरण ठरते, आणि नव्या उपकरणावर आपण बंदी घातलेलीच नसते. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून पाहिल्यास हे बहुधा लगेच लक्षात येईल. उपाय उलट बाजूने करावा: बऱ्याच राउटरवर केवळ नोंदवलेल्या उपकरणांनाच प्रवेश देण्याची सोय असते. तशी यादी करून मुलाचा एकच पत्ता तीत ठेवावा आणि वेळेची बंदी त्याच पत्त्यावर लावावी, म्हणजे पर्याय बदलताच जोडणीच मिळणार नाही. राउटरची सेटिंग उघडण्याचा, तळाशी छापलेला पासवर्ड अजून तोच असेल, तर तो आधी बदलावा. नाहीतर बाकीची मेहनत वाया जाईल.

उत्तर २
वरील उपाय योग्य आहे, परंतु शेजारच्या मित्राने हॉटस्पॉट दिला की राउटरचे काही चालत नाही. मुलाचे वय तेराच्या आत असल्यामुळे त्याच्यासाठी पालकांच्या देखरेखीखालील गूगल खाते काढून फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचे पालकांसाठीचे ॲप लावावे. रात्रीची वेळ ठरवून दिली की इंटरनेट कुठूनही आले तरी फोनच कुलूपबंद होतो, आणि नवे ॲप घेण्यासाठी आपली परवानगी लागते. त्याशिवाय राउटरवर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअर या कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते दिल्यास प्रौढांसाठीची बहुतेक संकेतस्थळे घरभर अडवली जातात. मात्र डीएनएस संपूर्ण संकेतस्थळच अडवू शकते, यूट्यूबवरील एखादी चित्रफीत नव्हे, आणि व्हीपीएनपुढे (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेपुढे) ते निष्प्रभ ठरते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. यादीत त्याच फोनच्या खरोखरच दोन नोंदी सापडल्या. आता नोंदवलेल्या उपकरणांनाच प्रवेश ठेवला आहे, आणि फॅमिली लिंकही लावले आहे. सासूबाई पहाटे काकडआरती ऐकतात म्हणून त्यांच्या फोनला वेळेचे बंधन घातले नव्हते. काल रात्री अकरा वाजता तोच फोन पांघरुणाखाली सापडला. त्याच्या कुलपाचा आकडा त्यांना नातवानेच लावून दिला होता.