आवडत्या लेखकाच्या कादंबरीत अडकले, मदत हवी आहे

मंडळी, मी खानापूरची. आवडत्या कन्नड लेखकाची कादंबरी मराठीत आली म्हणून मुद्दाम बेळगावला जाऊन घेतली, आणि दीडशे पानांवर अडकले की वो! यांच्या आधीच्या पुस्तकांनी रात्री जागवल्यात. इथं माणसं कमी, भाषणं फार. नाव घेत नाही, भक्त अंगावर येतील (मीही त्यातलीच).

अनुवादावर खापर फोडवत नाही. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या मराठी अनुवादाला उमा कुलकर्णींना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तो अनुवाद वाचताना पुस्तक मूळचं कन्नड आहे हे आठवलंसुद्धा नव्हतं.

असं कुणाचं झालंय? नेटानं पुढं वाचू, की मूळ कन्नडच धरू? माझं कन्नड बसच्या पाट्यांपुरतं. दोन्ही भाषांत वाचणाऱ्यांनी सांगा, कन्नडातही ही भाषणं इतकीच खटकतात का?